सातव्या कांडीची ऊब

धातुशास्त्र विभागात तिला सगळे डिग्रीबाई म्हणायचे. तिच्याकडे पदवी नव्हती, तीन वर्षांची साधी पदविका होती, आणि बोलण्यात मात्र दर दुसऱ्या वाक्याला अंश यायचे, म्हणून ते नाव. चहा साठ अंशांच्या खाली उतरला की डिग्रीबाई कप बाजूला सारतात, असं कोणीतरी उठवून दिलं होतं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. नाव ठेवणारी मुलं पास होऊन, पोराबाळांची होऊन कुठल्या कुठे गेली. नाव तेवढं मागे राहिलं. हजेरीपटावर आपलं खरं नाव दिसलं की तिलाच क्षणभर वाटायचं, ही कोण बुवा?

तिचं काम भट्टीचं. धातू ठोकला, ओढला, की तो आतून आखडतो. मग त्याला भट्टीत ठरलेल्या तापमानाला ठरलेला वेळ ठेवायचं आणि सावकाश निवू द्यायचं. त्याचा ताण जातो, आतले कण नव्याने बसतात. याला अनीलिंग म्हणतात. शंभर अंश इकडचे तिकडे झाले तर तोच धातू वेगळ्या स्वभावाचा होऊन बाहेर येतो. डिग्रीबाई भट्टीसमोर स्टूल टाकून चार चार तास बसून राहायची आणि आकडा हलला की बटणाला हात घालायची. विभागात कोणाला काही नेमकं तापवून हवं असलं की तिच्याकडे यायचे. "बाई बसल्यात ना? मग झालं," असं म्हणून निघून जायचे.

ती तीस वर्षांची होती तेव्हा कोल्ड फ्यूजनची बातमी जगभर गाजली. जड पाण्यात, म्हणजे जड हायड्रोजनपासून बनलेल्या पाण्यात, पॅलेडियम या महागड्या धातूची कांडी बुडवून वीज सोडली तर दिलेल्या विजेपेक्षा जास्त उष्णता बाहेर पडते, असा तो दावा होता. सूर्याच्या पोटात कोट्यवधी अंशांना अणूंचं जे जुळणं घडतं ते पेल्याएवढ्या काचेच्या भांड्यात, खोलीच्या तापमानाला घडतंय, असं म्हणणारे म्हणत होते. तिचे सर, ज्यांच्या प्रयोगांवर ती काम करायची ते प्राध्यापक, तेव्हा ऐन उमेदीत होते. त्यांनी दुसऱ्याच दिवशी बारा माणसं गोळा केली. एक मोठी खोली मिळाली, दारावर पाटी लागली, लोक डोकावून जाऊ लागले. वर्ष-दीड वर्षात जगाला ती उष्णता काही सापडेना, आणि मग जग हसायला लागलं. बाराचे सात झाले, सातांचे तीन. मोठी खोली गेली आणि जिन्याखालची मिळाली. पाटी आणताना तुटली ती कोणी नवीन केली नाही. शेवटी उरले सर आणि डिग्रीबाई.

जिन्याखालच्या त्या खोलीला एकच खिडकी होती, रस्त्याच्या पातळीला. त्यातून चपला-बूट जाताना दिसायचे, वरचं माणूस कधी दिसायचं नाही. डोक्यावर तास सुटला की पावलांचा धडधडाट व्हायचा, मग शांत. एका टेबलावर पाण्याची टाकी, तिचं पाणी कायम तीस अंशांवर ठेवलेलं. टाकीत काचेचं भांडं. भांड्यात जड पाणी, मधोमध पॅलेडियमची कांडी, तिच्याभोवती प्लॅटिनमच्या तारेचं वेटोळं. वीज सोडली की पाणी फुटून त्याचे वायू होतात. एक वायू कांडीत शिरतो, कांडी भरली की उरलेला बुडबुडे होऊन वर येतो आणि बुचातल्या नळीवाटे निघून जातो. वीज किती आत गेली, उष्णता किती बाहेर आली, वायू आपल्याबरोबर किती ऊर्जा घेऊन गेले, हे सगळं जुळलं पाहिजे. जुळून वर काही उरलं, तर ती सरांची उष्णता.

पाणी वायू होऊन जातं म्हणून भांड्यातली पातळी रोज खाली यायची. रोज सकाळी दहाला डिग्रीबाई इंजेक्शनच्या नळीने नवं जड पाणी खुणेपर्यंत भरायची आणि किती भरलं ते वहीच्या शेवटच्या रकान्यात लिहायची. सगळ्या नोंदींतली ही कंटाळवाणी नोंद. सरांनी तो रकाना कधी वाचला असेल असं तिला वाटत नव्हतं.

सहा कांड्या कोरड्या गेल्या; वर काहीच उरलं नाही. सातवी तिने एका मंगळवारी दुपारी भट्टीत ठेवली. आठशे पन्नास अंश, चार तास, हे सरांनी ठरवलेलं माप. तापमान चढत होतं, सहाशेच्या आसपास आलं होतं, तेवढ्यात कार्यालयातला शिपाई धावत आला. घरून शेजारणीचा फोन होता. आई न्हाणीघरात पडली होती.

डिग्रीबाईच्या घरी आई आणि ती, दोघीच. वडील लवकर गेले, धाकट्या बहिणीचं लग्न होऊन ती दूरच्या शहरात गेली, आणि हिच्या लग्नाचं आज बघू उद्या बघू करता करता बघणारंच कोणी उरलं नव्हतं. तिने भट्टीकडे पाहिलं. भट्टी आपोआप आठशे पन्नासवर थांबायला हवी, थांबायचीही. ती पर्स उचलून पळाली. आईच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. ती रात्र इस्पितळात गेली.

सकाळी साडेसातला ती आली तेव्हा भट्टी गार होती. सुरक्षेचा खटका पडलेला होता. तो जुना खटका हजाराच्या पुढे कुठेही पडायचा, नेमका आकडा नव्हता. म्हणजे भट्टी आठशे पन्नासला थांबली नव्हती, पुढे गेली होती. कुठवर, किती वेळ, ते सांगणारं कोणी नव्हतं, कारण तापमान कागदावर काढणाऱ्या यंत्राची शाई मध्येच आटलेली. कांडी तिने भिंगाखाली धरली. एरवी कण दिसायचे नाहीत. हिचे वाळूसारखे ठसठशीत दिसत होते.

टाकून द्यावी तर तेवढा शुद्ध पॅलेडियम पुन्हा मिळायला कित्येक महिने लागले असते. सरांना सांगावं, तर सर आदल्याच आठवड्यात म्हणाले होते, "सगळे गेले तरी चालेल, तू भट्टीवर आहेस तोवर मला काळजी नाही." तिने पेन उचललं आणि लिहिलं: आठशे पन्नास अंश, चार तास. ही पण कोरडीच जाणार, मग सांगू, असं तिने स्वतःला बजावलं. रात्रभराची जागलेली होती, डोळे चुरचुरत होते, आणि आईच्या औषधांची यादी पर्समध्ये होती.

कांडी कोरडी गेली नाही. सोळाव्या दिवशी भांड्याचं तापमान चढलं. छत्तीस अंशांवरून सदतीसच्या जवळ गेलं आणि तिथेच राहिलं, एक दिवस, दोन दिवस, नऊ दिवस. जास्तीची उष्णता एक पंचमांश वॉटही नव्हती. तिच्यावर एक कप चहा उकळायचा तर दोन दिवस लागले असते. पण सर त्या नऊ दिवसांत दहा वर्षांनी तरुण झाले. सकाळी आठला यायचे, कोट न काढताच आकडा बघायचे आणि म्हणायचे, "आहे ना?" ती म्हणायची, "आहे, सर." दहाव्या दिवशी ती उष्णता गेली. सरांनी लेख लिहिला, तो छापूनही आला. त्यात एक ओळ होती: कांडी आठशे पन्नास अंशांना चार तास अनील केली.

ती ओळ डिग्रीबाईने छापील अक्षरांत दोनदा वाचली. आता सांगायला हवं, असं तिला वाटलं. उद्या सांगू. मग आईला घरी आणायचं होतं, मग आईला उभं करायचं होतं.

पुढच्या चौदा वर्षांत एकेचाळीस कांड्या झाल्या. प्रत्येक कांडीला दोन-अडीच महिने, आणि मध्ये नवा धातू येईपर्यंत वाट बघणं. सगळ्या आठशे पन्नासच्या, चार तासांच्या, आणि या वेळी खरोखरच्या. ती भट्टीसमोरून पाणी प्यायलासुद्धा उठायची नाही. एकाही कांडीने ऊब दिली नाही. सर म्हणायचे, धातूच्या जातीत फरक असणार. मग दुसऱ्या ठिकाणचा पॅलेडियम यायचा. सर म्हणायचे, टाकीचं तापमान बदलून बघू. मग तीसचे चाळीस, चाळीसचे पन्नास, परत वीस. कधी कांडीला बारीक तडे जायचे आणि त्यातून वायू निसटायचा, कधी कांडी पुरती भरायचीच नाही. "सातवीत असं काय होतं गं?" सर विचारायचे, आणि ती टाकीचं तापमान वहीत लिहायला घ्यायची.

दरम्यान आई गेली. दोन खोल्यांच्या घरात तिने आईची खाट बाल्कनीत उभी करून ठेवली, कारण ती काढून टाकली तर खोली फारच मोठी दिसली असती. रविवारी बहिणीचा फोन यायचा. "काय चाललंय?" बहीण विचारायची. "तेच," ती म्हणायची. बहीण मुलांबद्दल वीस मिनिटं बोलायची, मग म्हणायची, "तू एकदा ये की इकडे." "येते," ती म्हणायची. दोघींनाही माहीत असायचं. विभागात तिच्याशी आपण होऊन बोलायचे ते एकटे काचवाले, म्हणजे काचेची भांडी फुंकून करणारे गृहस्थ. जेवणाच्या सुट्टीत ते डबा घेऊन जिन्याखाली यायचे. "बाई, तुमचं फ्यूजन होवो न होवो, भांडी करून करून माझ्या फुफ्फुसांचं कन्फ्यूजन झालं," हा विनोद ते दर नव्या भांड्याला करायचे आणि ती दर वेळी हसायची, कारण दिवसात हसण्याची तेवढीच एक संधी असायची.

सर निवृत्त झाले तरी येत राहिले. मग त्यांची नजर गेली; मधोमध धुकं आणि कडेला थोडंसं दिसायचं. तेव्हापासून दर शनिवारी चार वाजता डिग्रीबाई वही घेऊन त्यांच्या घरी जायची. सर खिडकीपाशी आरामखुर्चीत बसायचे, ती आठवड्याचे आकडे वाचून दाखवायची. काकू, म्हणजे सरांची बायको, दार उघडून "या" म्हणायच्या, चहा ठेवायच्या आणि आत जायच्या. इतक्या वर्षांत "या", "घ्या" आणि "संपवा तो" यापलीकडे त्या दोघींचं बोलणं गेलं नव्हतं.

मग नवे विभागप्रमुख आले. भला माणूस होता, त्याने खोलीत येऊन सगळं नीट ऐकून घेतलं. "बाई, मला ही खोली वर्षअखेरीला रिकामी लागेल," तो म्हणाला. "तुमची बदली विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेत करतो. तिथे तुमची गरज आहे." इथे नाही, हे त्याने बोलून दाखवलं नाही.

त्या शनिवारी तिने हे सरांना सांगितलं. सरांनी बोटांनी खुर्चीचा हात चाचपला. "किती महिने आहेत?"

"आठ."

"म्हणजे तीन, फार तर चार कांड्या. चारही आठशे पन्नासला कर. पण तंतोतंत. एका अंशाचाही फरक नको. सातवीसारख्या."

तिने वही मिटली. "सर, सातवी आठशे पन्नासची नव्हती."

"मग कितीची होती?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे?"

तिने सांगितलं. शिपाई, आई, न्हाणीघर, सकाळची गार भट्टी, आटलेली शाई. सांगायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. एवढ्या वर्षांत तिला वाटत आलं होतं की हे सांगायला एक अख्खा दिवस लागेल.

"कण केवढे होते?" सरांनी विचारलं.

"वाळूएवढे. भिंगातून सरळ दिसायचे."

"मग हजाराच्या वर गेली असणार. अकराशे, बाराशेही." सर खुर्चीत पुढे सरकले होते, त्यांचा चेहरा उजळला होता, आणि हे तिने मुळीच धरलेलं नव्हतं. राग येईल, घालून पाडून बोलतील, याची तिने चौदा वर्षं तयारी केली होती. "मोठे कण. म्हणजे कडा कमी, तडे कमी, वायू आत टिकून राहणार. अगं, म्हणून ती भरली!" एवढं बोलून ते थांबले. मग तो उजेड हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरून उतरला.

"मी जगाला आठशे पन्नास सांगितलं," ते म्हणाले. "लोकांनी आपापल्या प्रयोगशाळांत आठशे पन्नासला तापवून पाहिलं. काही निघालं नाही. त्यांनी मला खोटं ठरवलं. मी त्यांना मूर्ख ठरवलं."

"हो, सर."

"तू रोज समोर बसायचीस."

"हो, सर."

"जा आता. हजार, अकराशे, बाराशे. तिन्ही कर. झाल्याशिवाय इकडे येऊ नकोस."

काकूंनी सगळं ऐकलं होतं की नाही कोण जाणे. त्यांनी नुसतं दार उघडून धरलं. जिना उतरताना तिला वाटलं, मन हलकं होतं म्हणतात ते कधी होतं? तिला तर फक्त रिकामं वाटत होतं.

पुढचे सहा महिने तिने कोणाशी फारसं न बोलता काढले. शनिवार सगळ्यात अवघड. चार वाजले की पायांना सवयीने उठावंसं वाटायचं. ती मग बाजारात एक फेरी मारायची, नको असलेली भाजी घ्यायची, ती आठवडाभर पुरायची. एकदा सरांच्या रस्त्याच्या बसमध्येच चढली आणि दोन थांबे गेल्यावर उतरून चालत परत आली. भट्टीवर मात्र तिने डोळ्यांत तेल घालून काम केलं. हजारची कांडी कोरडी. अकराशेची कांडी कोरडी. बाराशेला तापवलेल्या कांडीचे कण अगदी सातवीसारखे दिसत होते. ती तिने दोन महिने चालवली, टाकी गरम करून, थंड करून, वीज वाढवून. भांडं दर वेळी हिशेबाने यायला हव्या त्याच आकड्यावर शहाण्यासारखं बसून राहिलं.

तिने सरांच्या घरी फोन केला. काकूंनी उचलला. "तिन्ही झाल्या म्हणावं. काही नाही निघालं," ती म्हणाली.

"सांगते," काकू म्हणाल्या आणि फोन ठेवला.

खोली आवरायला सुरुवात करणं एवढंच राहिलं होतं. एका सकाळी ती जुन्या बाटल्या पुसत होती. प्रत्येक कांडी चिठ्ठी लावून छोट्या बाटलीत ठेवलेली. सातवी तिच्या हाताला लागली तेव्हा तिने ती बाहेर काढली. चौदा वर्षांत तिने मुद्दाम काढली नव्हती. खिडकीच्या उजेडात धरली आणि तिला एक रेघ दिसली. कांडीच्या वरच्या टोकापासून चार मिलिमीटरवर, केसाएवढी, सरळ गोल फिरलेली. रेघेच्या खाली धातू चकचकीत होता, वर काळवंडलेला. पाण्याच्या पातळीची रेघ. म्हणजे या कांडीचं टोक पाण्याच्या वर होतं. बाकीच्या कांड्या तिने एकेक करून पाहिल्या. एकीवरही रेघ नव्हती. त्या पूर्ण बुडलेल्या होत्या.

ती स्टुलावर बसली आणि जुनी वही काढली. सोळाव्या दिवसाची नोंद तिच्याच अक्षरात होती: तारेचा सांधा सैल, कांडी वर ओढून पुन्हा बसवली. पंचविसाव्या दिवसाची नोंद: बुचात फट वाटली, बूच दाबून घट्ट केलं. कांडी बुचातून लोंबायची. बूच दाबलं की कांडी खाली जाणारच. मधले दिवस नऊ.

मग तिने शेवटचा रकाना पाहिला. रोज भरलेलं पाणी, मिलिलिटरमध्ये. चार, चार, चार, चार. आणि सोळाव्या दिवसानंतर तीन, तीन, तीन, नऊ दिवस तीन. आणि मग पुन्हा चार. तेवढीच वीज जात असताना पाणी कमी लागत होतं. ते कुठून तरी परत येत होतं.

पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला शिकवलेलं तिला आठवलं. पॅलेडियम उघडा असला आणि भोवती पाण्याचे दोन्ही वायू असले की त्या धातूच्या अंगावर ते वायू आपोआप जुळतात आणि परत पाणी होतात. जुळताना ऊब देतात. सर धरून चालले होते की सगळा वायू नळीवाटे बाहेर जातो, आपली ऊर्जा घेऊन जातो. चौथा हिस्सा जात नव्हता. तो भांड्यातच पाणी होऊन आपली ऊब तिथेच सोडत होता. तिने कागदावर आकडेमोड केली, दोनदा तपासली. रोज एक मिलिलिटर पाणी परत जुळलं तर जी उष्णता निघते ती एक पंचमांश वॉटला जराशी कमी. बरोब्बर तेवढी.

पण कागदावरचं पटवून घ्यायचा तिचा स्वभाव नव्हता. तिच्याजवळ एक तुकडा शिल्लक होता. तो तिने आठशे पन्नासला चार तास तापवला, स्टुलावरून न उठता. भांड्यात लावला, तीन आठवडे भरू दिला. मग एका बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला कांडी चार मिलिमीटर वर ओढली आणि हात मांडीवर ठेवून बसली. तासाभरात भांडं छत्तीसवरून सदतीसच्या जवळ आलं. तिने कांडी खाली केली, ऊब गेली. पुन्हा वर ओढली, पुन्हा आली. खिडकीतून कोणाचे तरी तपकिरी बूट गेले, मागोमाग एक लहान चपलांचा जोड. जी ऊब कोणाला चौदा वर्षांत परत आणता आली नव्हती ती तिच्या दोन बोटांच्या चिमटीत येत-जात होती. आपल्याला आनंद होईल किंवा रडू फुटेल असं तिला वाटलं होतं. भूक लागली. काचवाले त्या दिवशी रजेवर होते. तिने एकटीने डबा खाल्ला.

शनिवारी ती सरांकडे गेली. काकू क्षणभर दारातच उभ्या राहिल्या, मग बाजूला झाल्या. सर वाळले होते. "काय गं, तिन्ही कोरड्या ना?" ते म्हणाले. रागाचा मागमूस नव्हता. नुसते दमलेले होते.

"एक रकाना वाचून दाखवते, सर," ती म्हणाली. "पाणी भरल्याचा. सातव्या कांडीचा. सोळाव्या दिवसापासून." आणि वाचू लागली. "चार. तीन. तीन. तीन..."

तिसऱ्या तीनला सरांनी हात वर केला. "टोक वर होतं?"

"चार मिलिमीटर."

"करून पाहिलंस?"

"बुधवारी. आठशे पन्नासच्याच कांडीवर. वर ओढली की येते, खाली केली की जाते."

सर खिडकीकडे तोंड करून बसले होते, दिसत काही नव्हतं. "म्हणजे तुझ्या भट्टीचा दोष नव्हता," ते म्हणाले.

"नव्हता, सर."

"तू त्या दिवशी सांगितलं असतंस तरी मला तो रकाना दिसला नसता. मी कणांच्याच मागे लागलो असतो." त्यांनी हात पुढे केला, वही मागितली, आणि तो रकाना बोटाने चाचपला, जणू शाई हाताला लागेल. "लिहून पाठवू. तुझं नाव आधी. खरं नाव काय गं तुझं? पूर्ण सांग."

तिने सांगितलं. आपल्याच आवाजात ते ऐकताना तिला परकं वाटलं. चौदा वर्षं छातीवर बसलेलं ओझं आता नव्हतं, हे खरं. पण त्या ओझ्याशी तिची सोबत होती. भट्टी किती तापली असेल या एका प्रश्नापाशी तिचं मन रोज जाऊन बसायचं. आता तिथे बसायलाही काही उरलं नव्हतं. भट्टीच्या ज्या चुकीसाठी तिने स्वतःला दोष दिला तिचा त्या उबेशी काही संबंधच नव्हता, आणि ज्यासाठी सरांनी आयुष्य वेचलं ते तर घडलेलंच नव्हतं.

दोन पानांचं टिपण ज्या नियतकालिकात सरांचा लेख छापून आला होता तिथेच पाठवलं. दीड महिन्याने चार ओळींचं उत्तर आलं: काम नीटनेटकं आहे, परंतु या प्रश्नात वाचकांना आता रस उरलेला नाही. सरांनी ते तिच्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाले, "नीटनेटकं म्हणाले, हे बघ."

खोली रिकामी झाली. टाकीतलं पाणी तिने नळी लावून मोरीत सोडलं. नव्या प्रयोगशाळेत मोठ्या खिडक्या होत्या, माणसं अख्खी दिसायची, आणि सुरुवातीला तिला ते फार वाटायचं. पहिल्या आठवड्यात तिने चाळीस मुलांना तांब्याची पट्टी अनील करून दाखवली.

त्या शनिवारी वाचून दाखवायला काहीच नव्हतं. तरी चार वाजता ती गेली, कारण न जाऊन काय होतं ते तिने सहा महिने पाहिलं होतं. सर झोपले होते. काकू जेवणाच्या टेबलाशी मटार सोलत बसल्या होत्या. "बसा," त्या म्हणाल्या. "उठतील अर्ध्या तासात."

ती बसली. रिकाम्या हातांचं काय करावं कळेना, म्हणून तिने चार शेंगा पुढ्यात ओढल्या. शेंगा फुटत गेल्या, दाणे पातेल्यात पडत गेले.

"एक विचारू का?" काकू म्हणाल्या. "इतकी वर्षं तुम्ही दोघं बोलत होतात. मी चहा ठेवायचे नि आत जायचे. ते होतं तरी काय?"

"सरांनी कधी सांगितलं नाही?"

"सांगायला बसले की सूर्यापासून सुरुवात करायचे. तोवर माझं दूध उतू जायचं."

डिग्रीबाई हसली. मग शेंग हातात तशीच धरून म्हणाली, "पॅलेडियम नावाचा एक धातू असतो, काकू. दिसायला चांदीसारखा. त्याला वायू पाजला तर तो स्वतःच्या आकाराच्या नऊशे पट वायू पितो."

"नऊशे पट? मग फुटत नाही?"

"कधी कधी बारीक तडे जातात. तो कसा घडवलाय त्यावर आहे. किती तापवला, कशात तापवला, निवताना घाई केली का. आणि ज्या पाण्यात ठेवतो त्याच्या तापमानावर. गार असेल तर निमूट पितो, गरम असेल तर सोडून देतो."

काकूंनी पुढची शेंग घेतली. "आणि ऊब यायची ती कसली?"

"आम्ही वीज सोडून पाणी मोडत होतो. ते वरच्या बाजूला गुपचूप परत जुळत होतं. त्याची."

"एवढंच?"

"एवढंच."

काकूंनी दाण्यांचं पातेलं हलवून सारखं केलं. आतून सरांच्या खोकल्याचा आवाज आला. त्या उठल्या, पदराला हात पुसले आणि दाराशी थांबल्या.

"ते तड्यांचं मला नीट कळलं नाही," त्या म्हणाल्या. "पुढच्या शनिवारी येशील तेव्हा परत सांग."

त्यांच्या तोंडून 'येशील' पहिल्यांदाच आलं होतं. त्या आत गेल्या. डिग्रीबाईने उरलेल्या शेंगा सोलायला घेतल्या.